तांब्याच्या पत्र्यातून जास्वंदीची फांदी: काठ, शिरा आणि सांधे

धातूचं फूल खोटं दिसतं ते बहुतेक वेळा काठामुळे. पाकळी मापात कापलेली असते, शिरा उमटलेल्या असतात, रंगही जमलेला असतो, तरी चार हातांवरूनच कळतं की पत्रा कापून पकडीने वाकवलाय. खऱ्या झालरदार पाकळीचा काठ कुणी वाकवलेला नसतो. वाढताना काठाकडचा भाग मधल्या भागापेक्षा जास्त पसरतो. ती जादा लांबी सपाट राहून मावत नाही, म्हणून ती वरखाली लाटा घेते. पत्र्यातही नेमकं हेच करता येतं. काठ ठोकून पातळ केला की तो लांब होतो आणि झालर आपसूक उभी राहते. पकडीचं काम त्यानंतर, आणि तेही अगदी थोडं.

इथे दिलेली मापं एका फांदीची आहेत: उंची साधारण ४५ सेंमी, १३ सेंमी व्यासाचं एक उमललेलं फूल, एक कळी, पाच पानं. जास्वंद घेण्याचं कारण असं की तिचे सगळे भाग मोठे आहेत, सुटे करून पाहता येतात आणि सांधा लपवायला निसर्गानेच जागा दिली आहे. एकेरी पाच पाकळ्यांचं फूल घ्या. दुहेरी फुलाच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका.

आधी फूल उकला

दोन ताजी फुलं लागतात. एक समोर तसंच ठेवायचं, दुसरं उकलायचं. खालून सुरुवात करा. सगळ्यात खाली सहा-सात बारीक, अरुंद हिरव्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर पाच टोकांचा हिरवा पेला, त्यात पाच पाकळ्या आणि मधून बाहेर येणारी लांब केसरनळी. नळीच्या वरच्या भागावर परागकोशांचे दांडे, आणि अगदी टोकाला नळीतूनच बाहेर पडलेल्या पाच कुक्षी. प्रत्येक भाग कागदावर ठेवून कड आखा आणि लांबी-रुंदी त्याच कागदावर लिहा.

पाकळ्या काढण्यापूर्वी एक गोष्ट टिपून ठेवा: प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही एकाच दिशेने, चक्रासारख्या. दिशा डावी की उजवी हे फुलागणिक बदलू शकतं, पण एका फुलात ती एकच असते. धातूच्या फुलांत ही चूक सर्रास दिसते. चार पाकळ्या नीट बसतात आणि पाचवी दोन्ही बाजूंनी वर येते, कारण ती शेवटी ठेवलेली असते. पाचवीची एक कड पहिलीखाली सरकवायची असते, आणि त्यासाठी जोडणीत पाकळी थोडी फिरवता यायला हवी. पुढची बोल्टची रचना याचसाठी आहे.

पत्रा कोणता

पाकळ्यांना ०.४ मिमी तांबं, पानांना आणि हिरव्या पेल्याला ०.५ मिमी. पत्रा घेताना माप मिलिमीटरमध्येच सांगा आणि कॅलिपरने मोजून घ्या. ‘गेज’वर विसंबू नका, कारण गेजच्या दोन पद्धती चालतात: २४ गेज एका पद्धतीत ०.५६ मिमी भरतं, दुसरीत ०.५१ मिमी. पाकळीसाठी हा फरक हाताला जाणवतो. ०.३ मिमीची पाकळी काठाशी फाटते, आणि ०.६ मिमीच्या पाकळीचा काठ पातळ करता करता मनगट भरून येतं.

तांब्याची जातही पाहा. विजेच्या कामाच्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो. त्याला धुरकट, गॅस जास्त असलेल्या ज्योतीत पुन्हा पुन्हा तापवलं तर ज्योतीतला हायड्रोजन आत शिरतो, ऑक्सिजनशी मिळून वाफ होते आणि पत्रा आतून सच्छिद्र, ठिसूळ होतो. पाण्याच्या नळ्यांचं आणि छपरांचं तांबं बहुधा फॉस्फरस घालून ऑक्सिजन काढलेलं असतं, त्यात ही कटकट नाही. हाताशी विजेचंच तांबं असेल तर ज्योत स्वच्छ निळी ठेवा.

बाकीचं सामान: देठासाठी ८ मिमी तांब्याची सळई ५० सेंमी, पानांच्या देठांना २.५ मिमी तार दीड मीटर, केसरनळीला बाहेरून ६ आणि आतून ४ मिमी व्यासाची नळी ९० मिमी, परागकोशांना १ मिमी तार दोन मीटर, एम-४ आट्यांची (४ मिमी व्यासाची, स्क्रूसारखे आटे असलेली) पितळी सळई आणि दोन पितळी नट. जोडायला दोन प्रकारच्या काड्या लागतात. एक तांबं-फॉस्फरसची, सुमारे ७ टक्के फॉस्फरसची. ती ७१० अंश सेल्सिअसला वितळू लागते. दुसरी ५६ टक्के चांदीची, जी ६५० अंशांच्या आसपास वाहते. चांदीची काडी घेताना ती कॅडमियमविरहित आहे याची खात्री करा. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो आणि त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर काम संपलेलं असतं.

कापणी

जाड कागदाचे नमुने करा. पाकळीचा नमुना ७५ मिमी लांब, वरच्या बाजूला ५८ मिमी रुंद, तळाकडे निमुळता होत ९ मिमी. त्याच्या खाली १० मिमीची जीभ जास्त ठेवा, म्हणजे एकूण लांबी ८५. या जिभेला ४.२ मिमीचं भोक पडणार आहे. ठोकल्यावर पाकळी प्रत्येक बाजूने दोन-तीन मिलिमीटर फुगते, म्हणून नमुना फुलाच्या मापापेक्षा किंचित लहान ठेवलेला बरा.

भोक आधी पाडा, मग पाकळी कापा. लहान तुकड्याला ड्रिल लावलं की पत्रा बिटाबरोबर गरकन फिरतो आणि बोटं कापतो. मोठा पत्रा लाकडावर क्लॅम्पने धरून पाचही भोकं पाडून घ्या. कातर पूर्ण मिटू देऊ नका. टोकं मिटली की काठाला बारीक खाच पडते आणि पुढे ठोकताना चीर तिथूनच सुरू होते. कापून झालं की काठ बारीक कानशीने आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, बोट फिरवल्यावर काही लागणार नाही इतका साफ करा. हे कंटाळवाणं आहे खरं. पण फाटलेल्या दहा पाकळ्यांपैकी नऊ या खाचांपासून फाटलेल्या असतात.

ताव

तांबं ठोकलं की कडक होतं आणि तापवलं की मऊ. पत्रा विटेवर ठेवून ज्योत सगळीकडे फिरवा, एका जागी धरू नका. खोलीत अंधार करा, कारण आपल्याला हवा तो मंद लाल रंग उजेडात दिसत नाही. उजेडात लाल दिसला म्हणजे ताव जास्त झाला. जास्त तावाने कण मोठे होतात आणि वाकवल्यावर पत्र्याची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. लाली सगळीकडे पोचली की लगेच पाण्यात बुडवा. तांबं पाण्यात टाकल्याने कडक होत नाही, ती पोलादाची गोष्ट. उलट काळी पापुद्री थोडी सुटून येते. पितळाचा तुकडा असेल तर मात्र लाली जाईपर्यंत थांबा, तापलेलं पितळ थंड पाण्यात तडकू शकतं.

उरलेली काळी पापुद्री काढायला एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून त्यात पत्रा दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पापुद्री तशीच राहिली तर हातोडीखाली ती पत्र्यात रुतते. या द्रावणात लोखंडी चिमटा घालू नका. पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडामुळे पितळावर आणि चांदीच्या सांध्यांवर गुलाबी थर होऊन बसतं.

पुन्हा ताव कधी द्यायचा हे कान सांगतो. मऊ पत्रा हातोडीखाली ‘थप’ वाजतो. आवाज ‘टण’कडे झुकला आणि हातोडी उसळू लागली की थांबा. एका पाकळीला तीन ताव सहसा पुरतात.

पाकळी

पहिल्या तावानंतर शिरा. पाकळी पालथी करून सात-आठ मिलिमीटर जाडीच्या कडक रबरावर ठेवा. जिभेपासून पंख्यासारख्या पसरणाऱ्या ओळी बोथट छिन्नीने दाबायच्या आहेत. छिन्नीचं तोंड काचकागदावर घासून गुळगुळीत आणि गोलसर करा, नाहीतर ती ओळ न उमटवता पत्रा कापेल. छिन्नी किंचित मागे कलती धरा आणि हलक्या, भराभर ठोक्यांनी सरकत न्या. उचलून उचलून मारली की ओळ तुटक येते. शिरा तळाशी ठळक, वर जाताना विरळ आणि काठाच्या सहा-सात मिलिमीटर आधी संपलेल्या हव्यात. काठापर्यंत नेलेली शीर पुढच्या कामात चिरेल. अधिक रेखीव उठाव हवा असेल तर राळ, विटेची बारीक पूड आणि थोडं तेल एकत्र वितळवून केलेल्या थरावर पत्रा चिकटवून शिरा काढतात. पाकळीला मात्र रबरच शोभतं, तिच्या शिरा फार रेखीव झाल्या की ती पान दिसू लागते.

दुसरा ताव. आता पाकळी वाळूच्या पिशवीवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने मधल्या भागाला उथळ वाटीचा आकार द्या. खोली पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे नको.

आता काठ, आणि इथे घाई नको. क्रॉस पीन हातोडी घ्या, जिचं एक तोंड आडव्या बोथट पाचरीसारखं असतं. पाचरीखाली धातू पाचरीच्या धारेला काटकोनात सरकतो. धार काठाला समांतर धरली तर धातू बाहेर जातो: पाकळी रुंद होते आणि काठ सपाटच राहतो. धार काठाला काटकोनात, म्हणजे जिभेकडून येणाऱ्या शिरांच्या दिशेत धरली तर धातू काठाच्या लांबीत सरकतो आणि काठ लांब होतो. आपल्याला हे दुसरं हवं आहे. झालर येत नाही म्हणून हातोडी जोरात मारत बसलेल्या माणसाची धार बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने असते.

काठ गुळगुळीत ऐरणीवर टेकवा. डाव्या हाताने पाकळी एकेका ठोक्यानिशी दोन-तीन मिलिमीटर सरकवत बाहेरचा १० मिमीचा पट्टा ठोका. अगदी कडेला ठोके जवळजवळ, आत येताना विरळ. पहिल्या फेरीत फारसं काही दिसत नाही. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर काठ एका जागी वर उचलतो, त्याच्या शेजारी खाली जातो. ती उचललेली जागा ठोकून सपाट करायचा मोह होतो. तो आवरा, झालर तीच आहे. फक्त पुढचा ठोका मारताना तेवढाच भाग ऐरणीवर टेकेल असा पत्रा कलता धरा. काठाची जाडी ०.४ वरून ०.२५ ते ०.३ मिमीवर आली की पुरे. मध्येच ‘टण’ आवाज आला तर तिसरा ताव द्या. ताव दिल्यावर लाटा थोड्या बसतात, पुढच्या चार ठोक्यांत परत येतात.

पाचही पाकळ्यांना सारख्या लाटा येणार नाहीत आणि तसं व्हायलाही नको. मात्र एकूण लांबी आणि वाटीची खोली सारखी ठेवा, नाहीतर फूल एका बाजूला तिरपं दिसतं.

बिघाड तीन प्रकारचे होतात. काठाला चीर गेली तर ती झाळत (काडी वितळवून सांधत) बसू नका: चिरेच्या टोकापर्यंत कानशीने गोलसर खाच काढा, फाटक्या कडेची पाकळी खऱ्या फुलातही असते. पत्र्यावर अर्धचंद्राच्या खुणा उमटल्या तर हातोडीच्या तोंडाची कड घासून गोल करा. आणि पाकळीचा मधला भाग बोटाने दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा ‘टक’ करून आत-बाहेर होत असेल तर मध्यभाग काठापेक्षा जास्त ताणला गेलाय. तिथे आणखी ठोकून तो वाढतोच. उपाय काठाशी आहे, काठ थोडा आणखी लांब करा.

शेवटी पाकळी बाहेरच्या बाजूला हलकी कलवा आणि उभ्या अक्षावर किंचित पीळ द्या. पीळ बोटांनीच द्यायचा, पकडीने नाही. जीभ काटकोनात आत वळवा. यानंतर ताव नाही. ठोकून आलेला कडकपणा हाच आता पाकळीचा कणा आहे.

पानं

पान ८० मिमी लांब, ५० मिमी रुंद, कडेला वरच्या अर्ध्यात दाते. तळाशी मध्यशिरेसोबत बाजूच्या दोन-चार शिरा एकाच जागेतून निघतात. ही खूण सोडली तर पान कुठल्याही झाडाचं होतं. मध्यशीर पालथ्या बाजूने छिन्नीने, बाजूच्या शिरा त्यानंतर. मग दोन शिरांमधली जागाही पालथीकडूनच हलकी फुगवा. दाते सगळ्यात शेवटी त्रिकोणी कानशीने पाडा, कारण आधी पाडलेले दाते ठोकताना वाकतात.

पान पडतं ते देठाशी, म्हणून २.५ मिमी तार पानाच्या टोकापर्यंत नेऊन पाठीमागे मध्यशिरेत बसवा. पानाखालचा तारेचा भाग ठोकून आणि घासून टोकाला १ मिमीवर आणा, वरची बाजू सपाट करा म्हणजे ती खाचेत नीट बसेल. ही जोड तांबं-फॉस्फरसच्या काडीने. तांब्यावर तांबं जोडताना तिला टाकणखार (झाळ नीट वाहावी म्हणून सांध्याला लावतात तो बोरॅक्स) लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो. ज्योत तारेवर ठेवा, पत्रा पातळ आहे, तो स्वतःच तापतो. काडी ज्योतीत वितळवून थेंब पाडू नका. तापलेल्या सांध्याला काडी टेकवली की ती स्वतः ओढली गेली पाहिजे. गोळा होऊन बसली तर सांधा थंड आहे किंवा मळका आहे.

झाळल्यावर पान पार मऊ पडलेलं असतं. ते लाकडावर ठेवून गुळगुळीत हातोडीने हलकं मठारा, म्हणजे कडकपणा परत येतो. हा टप्पा गाळला तर पहिल्या पुसण्यातच पान दुमडतं.

खऱ्या पानावर तांबं चढवण्याची वाटही आहे. पानावर विजेला वाहक असा रंग लावून ते मोरचूद आणि सल्फ्युरिक अॅसिडच्या द्रावणात टांगतात आणि वीज सोडतात. दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर धरला तर तासाला साधारण १३ मायक्रॉन थर चढतो, म्हणजे ०.३ मिमीला जवळपास २३ तास. फ्रेंच शिल्पकार क्लोद लालान यांनी खऱ्या पानांवर आणि फांद्यांवर याच पद्धतीने काम केलं. त्याआधी सोळाव्या शतकात न्यूरेम्बर्गचा सोनार वेंझेल याम्निट्झर खऱ्या वनस्पती आणि छोट्या प्राण्यांचे साचे घेऊन चांदी ओतत असे. दोन्हींत शिरान् शीर उतरते. पण उतरतो तो त्या क्षणाचा आकार, वाळताना सुरकुतलेला असेल तर सुरकुतलेलाच. पाकळीसाठी ठोकणंच बरं.

केसरनळी

१ मिमी तारेचे २५ मिमीचे ४० तुकडे करा. खऱ्या फुलात दांडे याहून जास्त असतात, पण तेवढे घातले तर नळीचा ब्रश होतो. तुकडा चिमट्यात खाली लोंबता धरा आणि खालच्या टोकाला ज्योतीचा सर्वांत गरम भाग द्या, आतल्या निळ्या शंकूच्या टोकापुढचा. तांबं १,०८५ अंशांना वितळतं आणि टोकाशी गोळी वर सरकू लागते. ती दोन मिलिमीटरची झाली की ज्योत काढा, पुढे थांबलात तर गोळी खाली पडते. हाच परागकोश.

नळीच्या वरच्या निम्म्या भागात १.१ मिमीची भोकं वेड्यावाकड्या अंतरावर पाडा. ओळीत पाडली की बासरी दिसते. सगळे दांडे एकेक करून झाळण्याची गरज नाही. दांडे भोकांत दोन मिलिमीटर आत जातील असे बसवा, पाण्यात कालवलेला टाकणखार नळीच्या आत ओता, चांदीच्या काडीचे एक-एक मिलिमीटरचे पंधरा-वीस तुकडे आत टाका आणि नळी आडवी धरून बाहेरून तापवत फिरवा. झाळ आतल्या बाजूने पसरून भोकांत शिरते आणि बाहेर डाग दिसत नाही. टोकाला पाच बारीक तारांच्या कुक्षी आणि तळाला एम-४ ची २५ मिमी पितळी सळई, ८ मिमी आत आणि १७ मिमी बाहेर, हे याच तावात बसवून घ्या. पोलादी बोल्ट इथे नको आणि पोलादाला तांबं-फॉस्फरसची काडी तर कधीच नको. लोखंड आणि फॉस्फरस मिळून ठिसूळ थर होतो, सांधा दिसतो छान आणि टिचकीने सुटतो. नळी गार झाल्यावर तिला हाताने वरच्या अंगाला हलका बाक द्या.

फुलाची जोडणी

पाकळ्या झाळायच्या नाहीत. झाळलं की पाचही मऊ होतील आणि काठाशी केलेली मेहनत बोटाच्या दाबाने जाईल. म्हणून सगळं नट-बोल्टवर.

पितळी सळईत पाच जिभा एकावर एक ओवा. जाडी पाच गुणिले ०.४, म्हणजे २ मिमी. प्रत्येक पाकळी ७२ अंश फिरवत जा आणि पाचवीची एक कड पहिलीखाली सरकवा. ओवलेल्या पाकळ्या सैल असल्यामुळेच हे जमतं. त्याखाली ०.५ मिमीचा पाच टोकांचा पेला, २० मिमी खोल, आणि त्याखाली सहा-सात अरुंद पट्ट्यांची चांदणी. नट फिरवून हलका आवळा, पाकळ्यांची जागा शेवटची पाहून घ्या, मग घट्ट करा. पाकळ्या तरीही फिरत असतील तर दोन जिभांच्या मध्ये इपॉक्सीचा एक थेंब पुरतो, पण तो रंगकाम झाल्यावर. नटाखाली अजून १० मिमी आटे उरतात. ते देठात जाणार.

नट लपवायची चिंता नको. खऱ्या जास्वंदीच्या देठालाही फुलाच्या जरा खाली सांधा असतो. नटाचे कोपरे कानशीने गोल केले की तो सांधाच वाटतो.

कळीला वेगळ्या पाकळ्या लागत नाहीत. ०.५ मिमी पत्र्याचा ३५ मिमी उंच शंकू करा, त्यावर छिन्नीने पाच पिळदार खाचा पाडा आणि खाली पेला बसवा.

देठ आणि बैठक

८ मिमी सळईचं वरचं टोक १५ मिमी तसंच ठेवा आणि त्याच्या खाली ठोकून ५ मिमीपर्यंत बारीक करत, मग पुन्हा हळूहळू जाड करत बुंध्याला ८ वर या. वरच्या टोकात ३.३ मिमीचं भोक ११ मिमी खोल पाडून एम-४ चे आटे काढा. तांबं टॅपला (भोकात आटे पाडायच्या हत्याराला) चिकटतं, म्हणून तेल लावा आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं चला. टॅप आत तुटला तर टोक कापून नव्याने पाडण्याशिवाय इलाज नाही.

पानं एकाआड एक, सर्पिल मांडणीत. प्रत्येक पुढचं पान आधीच्यापासून १४४ अंश फिरवा, पाच पानांत दोन वेढे पूर्ण होतात. खालून वर अंतरं कमी करत या: ७०, ६०, ५०, ४० मिमी. पेर जिथे येतं तिथे २.५ मिमीचं भोक ४५ अंशांत तिरपं, ४ मिमी खोल. यात देठाची तार बसते आणि मग सांध्याला खरा आधार मिळतो. नुसत्या पृष्ठभागावर चिकटवलेली तार कधीतरी निखळतेच.

ही जोड चांदीच्या काडीने आणि टाकणखाराने. पानावरची आधीची जोड ७१० अंशांच्या खाली सुटत नाही, म्हणून ६५० ची काडी इथे निर्धास्त वापरता येते. क्रम उलटा केला तर एक जोडताना दुसरं सुटतं. ज्योत जाड सळईवर, पान ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. कळीचा देठही याच तावात. फडकं वाळलं तर थांबून पुन्हा भिजवा.

बैठकीला १२० × १२० × १२ मिमी पोलादी पाटा घेतला तर वजन सुमारे १ किलो ३५० ग्रॅम भरतं. फूल सगळं मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅमचं, घरात ठेवायला हे पुरतं. तरी फुलाच्या मधोमध ओळंबा सोडून बघा. तो पाट्याच्या कडेपासून १५ सेंमीपेक्षा बाहेर पडत असेल तर पाटा मोठा करा. बाहेर वाऱ्यात ठेवायचं असेल तर पाटा जमिनीलाच बोल्ट करा, कारण झालरदार पाकळ्या वारा धरतात.

पोलाद आणि तांबं थेट टेकवू नका. ओलाव्यात ही जोडी बॅटरीसारखी वागते आणि लोखंड झिजतं. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात हेच झालं होतं. तांब्याचा पत्रा सुमारे २.४ मिमीचा, आतला सांगाडा लोखंडी, आणि दोघांच्या मधला अॅस्बेस्टॉसचा थर कालांतराने निकामी झाला. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या आणि मध्ये टेफ्लॉन ठेवलं. आपल्या फांदीला देठाभोवती नायलॉनची बुशी आणि खाली नायलॉनचा वायसर घातला की काम झालं.

रंग

रंगकामाआधी फूल पुन्हा सुटं करा. प्रत्येक भाग पाणी आणि प्युमिस पावडरने घासा, अॅसिटोनने पुसा आणि पुढे हातमोज्यांनीच धरा. बोटाचा ठसा नंतर काही केल्या जात नाही.

पानांना आणि देठाला पोटॅशियम सल्फाइड, लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५ ग्रॅम. बुडवा, काढा, धुवा, बघा. पहिल्या काही सेकंदांत तपकिरी, मग गडद, मग काळं. हव्या त्या छटेच्या जरा आधीच थांबा. मग बारीक स्टील वूलने उंचवटे घासले की शिरा उजळतात आणि खाचा गडद राहतात. हे द्रावण आणि अॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

हिरवट छटा हवी तर झाकणाच्या डब्यात तळाला अमोनियाची वाटी ठेवा, मिठाचं पाणी शिंपडलेली पानं वर टांगा आणि एक-दोन दिवस झाकून ठेवा. डबा उघडताना तोंड लांब. पितळी सळई आणि नट या डब्यात चुकूनही ठेवू नका: ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाने तडकतं. आज घट्ट असलेला नट महिन्याने दोन तुकडे होऊन मिळतो.

पाकळ्यांना रंग लावू नका. तांब्याला ज्योतीने जो रंग येतो तो जास्वंदीला पुरेसा जवळचा आहे. मऊ ज्योत पाठीमागून, काठाकडून आत फिरवा. आधी केशरी, मग गुलाबी-जांभळा, त्यानंतर निळसर-रुपेरी. जांभळ्याच्या अलीकडे ज्योत काढा, कारण काढल्यावरही रंग एक पायरी पुढे जातो. चुकलं तर सायट्रिक अॅसिडात धुऊन पुन्हा करता येतं, पण फार वेळ तापवत राहिलात तर काठाचा कडकपणा उतरतो. दोनदाच संधी आहे असं धरून चला.

हे रंग नाजूक असतात. भाग ६० अंशांच्या आसपास, हाताला चटका बसेल इतका गरम करून मायक्रोक्रिस्टलाइन मेण मऊ ब्रशने पातळ लावा आणि गार झाल्यावर सुती फडक्याने घासा. खाचांत मेण साचलं तर ते पांढरट दिसतं, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली की वितळून पसरतं. मग फूल पुन्हा ओवा, नट आवळा आणि देठावर फिरवा. आटे संपताना पाकळ्यांची सगळ्यात चांगली बाजू मागे गेली तर नट अर्धा फेरा सैल करून फूल हवं तिकडे वळवा आणि नट देठाच्या तोंडाशी उलटा घट्ट करा.